जोडीतला दुसरा

मी एक जुना शिर्दाक आहे. शिर्दाक म्हणजे नमद्याचा गालिचा. मला कुणी विणलेले नाही, मित्रांनो. मेंढीची लोकर काठ्यांनी झोडपतात, बोरूच्या चटईवर सारखी पसरतात, तिच्यावर उकळते पाणी ओततात आणि चटई गुंडाळून पायांनी ढकलत अंगणभर फिरवतात. मग लोकरीचे केस एकमेकांत असे अडकतात की पुन्हा सुटत नाहीत. आमच्याकडच्या बायका म्हणतात, नमदा आणि नाते गरम पाण्यानेच पक्के होते. त्यातले नमद्यापुरते मी खात्रीने सांगू शकतो.

शिर्दाक कधी एकटा जन्माला येत नाही. दोन रंगांचे दोन नमदे एकावर एक ठेवतात. वरच्यावर खडूने नक्षी काढतात आणि दोन्ही एकदम कापतात. मग लाल नक्षी काळ्यात बसवायची आणि काळी लालमध्ये. काही वाया जात नाही, आणि एका कापण्यातून दोन शिर्दाक निघतात. मी काळा आहे आणि माझ्यात लाल नक्षी आहे. माझा भाऊ लाल आहे आणि त्याच्यात काळी नक्षी आहे. माझ्यातले लाल त्याच्या अंगातले आहे. त्याच्यातले काळे माझे आहे.

ही जोडी एका घरात ठेवायची नसते. एक शिर्दाक नक्षी काढणारीकडे राहतो आणि दुसरा तिच्याबरोबर राबलेल्या बाईकडे जातो. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही. लिहून ठेवावा असे कुणाला वाटलेच नव्हते.

नारिन नदीच्या वरच्या अंगाला कोक-जार नावाचे गाव आहे. तिथे १९८६च्या शरदात बुरुलने माझी नक्षी काढली. उन्हाळी कुरणावरून उतरताना तिने एक घोडी पाहिली होती. ओढ्यापलीकडे गेलेली ती घोडी मागे राहिलेल्या शिंगरासाठी मान वळवून थांबली होती. मेंढ्याचे शिंग, कुत्र्याची शेपटी, पक्ष्याचा पंख या नक्ष्या सगळ्यांच्या असतात, आजीच्या आजीपासून चालत आलेल्या. वळून बघणारी घोडी मात्र बुरुलच्या आधी कुणी काढली नव्हती.

कात्री कालिपाच्या हातात होती. कालिपा आणि बुरुल एकाच वर्षी जन्मल्या आणि एकाच महिन्यात लग्न होऊन कोक-जारला आल्या. आमच्याकडे समवयस्कांना एकमेकांची टिंगल करायचा हक्क असतो आणि त्यावर कुणी रागवायचे नसते. त्या दोघी दिवसभर तेच करत. त्यांच्याबरोबर सोनुन नावाची शेजारीण होती, तिला मात्र हक्काची गरज कधीच पडली नाही.

"बुरुल, ही घोडी आहे का तुझी सासू?" खडूची रेघ बघून सोनुन म्हणाली. "मान वळवून बघतेय बघ, कोण तिसरा चहा पितंय ते!"

कालिपा इतकी हसली की कात्री घसरली.

"झालं!" बुरुल म्हणाली. "हात आहे का खूर आहे तुझा?"

"तुझ्याच घोडीचा लागलाय गं."

घोडीच्या मानेवर, कोपऱ्यातल्या नक्षीत, जवाच्या दाण्याएवढा उंचवटा राहिला. दोन्ही नमदे एकदम कापले जात होते, त्यामुळे तो माझ्या लाल घोडीलाही आला आणि भावाच्या काळ्या घोडीलाही, त्याच जागी आणि तेवढाच.

"राहू दे," बुरुल म्हणाली. "गोमाशी बसली समजायचं."

त्यानंतर कालिपाने दोऱ्या वळल्या. एक उजवीकडे पीळ दिलेली आणि एक डावीकडे, अशा दोन दोऱ्या शेजारी शेजारी लावल्या की शिवण गव्हाच्या लोंबीसारखी दिसते आणि दोन पीळ एकमेकांना सुटू देत नाहीत. कालिपाचे टाके बारीक आणि सारखे असत. बोटाच्या रुंदीत सात. खाली जाड पांढरे अस्तर लावले, आणि आम्ही तयार झालो.

पुढच्या वर्षी सामूहिक शेतीच्या अध्यक्षांनी आम्हा दोघांना नारिनच्या प्रदर्शनात पाठवले. तिथे एका माणसाने आम्हाला उलटे केले आणि अस्तराच्या कोपऱ्यात जांभळ्या शाईचा गोल शिक्का मारला. शिक्क्यात गावाचे नाव, वर्ष आणि क्रमांक होता. मी चौदा आणि भाऊ पंधरा. आम्हाला पहिले बक्षीस मिळाले. प्रशस्तिपत्र अध्यक्षांच्या नावाने आले आणि त्यांच्या कचेरीत लागले.

"तुझं नाव कुठाय गं?" कालिपाने विचारले.

"नाव कशाला?" बुरुल म्हणाली. "घोडी कुणाची ते सगळ्यांना ठाऊक आहे."

हे वाक्य मी पुढे पुष्कळदा आठवले.

मग मी बुरुलच्या घरी आलो आणि माझा भाऊ कालिपाच्या घरी गेला. त्या हिवाळ्याच्या शेवटी कालिपाला मुलगा झाला, त्याचे नाव एर्मेक. बाळंतपणात कालिपा फार आजारी पडली आणि अडीच महिने इस्पितळात राहिली. बुरुलची मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. बुरुल माझ्यावर भिंतीला टेकून बसायची, एका हातावर मुलगी आणि दुसऱ्या हातावर एर्मेक. आमच्याकडे जिचे दूध प्यायले ती आईच होते. ती बोलायची आई नसते, खरी असते. त्या दोन मुलांचे पुढे कधी लग्न होऊ शकत नाही, इतके ते नाते खरे धरतात.

एर्मेक माझ्यावर रांगला. माझ्यावरच्या घोडीच्या मानेपासून शेपटीपर्यंत त्याने पहिली पावले टाकली. तो मोठा होत असताना दर सणाला बुरुलकडे जेवायला यायचा. मेंढीचे डोके शिजले की त्यातले कान मुलांना देतात, म्हणजे मुले ऐकती होतात. बुरुल एक कान तिच्या मुलीला द्यायची आणि दुसरा एर्मेकसाठी झाकून ठेवायची.

सामूहिक शेती मोडली. अध्यक्षांची कचेरी गेली, तिच्यातली कपाटे सरपणात गेली आणि प्रशस्तिपत्रही त्याच वाटेने गेले असावे. देश नवा झाला. आमच्या देशाला समुद्र नाही. इथून जे बाहेर जाते ते ट्रकमधून, घाट चढून जाते, आणि जाताना सगळ्यांना दिसते. नक्षी मात्र कागदावर बसून जाते आणि तिला घाट लागत नाही. हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

नक्षी मागायला बायका बुरुलकडे येत. काखेत पाव घेऊन यायचे, चहा प्यायचा, माझ्यावर पातळ कागद अंथरायचा आणि घोडी उतरवून घ्यायची. बुरुलने कुणाला नाही म्हटले नाही. "कुणाची घोडी?" असे कुणी विचारले तर "बुरुलची" एवढे सांगायचे. तीच तिची किंमत होती आणि ती सगळ्या जणी देत होत्या.

पुढे बुरुलने स्वतःला धरून गावातल्या नऊ जणींचा गट केला. त्यात सोनुन होती आणि बुरुलची सून चिनाराही होती. दर उन्हाळ्यात त्या राजधानीच्या जत्रेत, बिश्केकला, आपले शिर्दाक घेऊन जात. घोडीला सर्वांत जास्त मागणी असे. त्या घोडीवर गोठ्याची छपरे बदलली गेली, सोनुनचे दात बसले आणि तीन मुली शहरात शिकायला गेल्या. कालिपा तोवर नारिन शहरात राहायला गेली होती. एर्मेकने बिश्केकमध्ये परदेशी गिऱ्हाइकांसाठी दुकान काढले होते.

एका वसंतात तो बुरुलकडे आला. माझ्यावर बसला आणि माझ्यावरून हात फिरवला. आमच्याकडे आईला आणि आईच्या वयाच्या बाईला आपा म्हणतात.

"बुरुल आपा, हा मला थोडे दिवस द्या. छान फोटो काढतो, पुस्तक छापतो. जगाला दिसू दे, आमच्या आपाची घोडी कशी आहे ते."

"ने की. तुझ्याच मुताने भिजलेला आहे तो," बुरुल म्हणाली, आणि सगळे हसले. एर्मेकही हसला.

मी तीन आठवडे त्याच्या दुकानात होतो. माझे फोटो काढले, माप घेतले, नक्षी कागदावर उतरवली. मग एका बाईने माझे अस्तर उसवले आणि नवे लावले. जुने अस्तर कुठे गेले ते मला दिसले नाही.

"कसर लागली होती आपा," मला परत करताना एर्मेक म्हणाला. "म्हटलं, नवंच घालून द्यावं."

बुरुलने त्याच्या कपाळाचे मुके घेतले. "बघा, बघा," ती शेजारणींना मला उलटा करून दाखवत होती. "पोटचं पोर इतकं करत नाही."

मला कसर लागलेली नव्हती. पण गालिच्याला कोण विचारतो?

पुढच्या वर्षीच्या जत्रेत आमच्या दुकानापाशी एक तरुण वकील आला. त्याच्या हातात कागद होता. तो फार नम्रपणे बोलला. ही नक्षी नोंदवलेली आहे, मालकाच्या परवानगीशिवाय ती करता येणार नाही आणि विकताही येणार नाही, असे त्याने सांगितले. चिनाराने कागद वाचला. मालक म्हणून एर्मेकचे नाव होते. नक्षीचे नाव होते 'घोडी'. तेवढेच. वळून बघण्याचे काही त्यात नव्हते.

आणि बुरुलला आनंद झाला, मित्रांनो. हे मला अजून सोसत नाही.

"एर्मेकने नोंदवली?" ती म्हणाली. "माझ्या एर्मेकने? बघ सोनुन, मला न सांगता केवढं काम केलं पोराने! आता चोरायची कुणाची छाती नाही. बस बाबा, बस, चहा घे."

वकील बसला नाही. तो चिनाराकडे बघत राहिला.

"आपा," चिनारा हळूच म्हणाली, "त्यांनी आपल्यासाठी नाही नोंदवली. त्यांच्या नावावर आहे. आपल्याला बंदी आहे."

"अगं, त्याच्या नावावर काय आणि माझ्या नावावर काय? माझं दूध प्यालाय तो."

"कायद्याला दूध कळत नाही आपा," वकील म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने नजर खाली घातली होती.

आमच्याकडे मुलाच्या नावावर म्हणजे आईच्या हातात, असे धरतात. बुरुलने तसेच धरले होते. तिच्या जागी गावातल्या कुणीही तसेच धरले असते. वीस शिर्दाक गुंडाळून परत न्यावे लागले, तेव्हा कुठे तिने फोन हातात घेतला.

"आपा, रागावू नका," एर्मेकचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "मी नोंदवली नसती तर उद्या दुसऱ्या कुणी नोंदवली असती. परदेशात मशीनवर छापतात ते लोक. मी राखली म्हणून राहिली. तुम्ही करा की, नाही कोण म्हणतंय? फक्त माझ्या दुकानातून विका आणि मागे माझी चिठ्ठी लावा."

"माझी घोडी करायला मी तुला विचारू?"

"विचारू नका. नुसतं कळवत जा."

बुरुलने फोन चिनाराच्या हातात दिला. कसा बंद करायचा ते तिला ठाऊक होते, पण त्या वेळी तिला जमले नाही.

"दोन्ही कान त्यालाच द्यायला हवे होते," सोनुन म्हणाली. "एका कानाने त्याला अर्धंच ऐकू येतंय."

आमच्या देशाचा कायदा चांगला आहे. मी त्याला दोष देत नाही. तो म्हणतो, नोंदवायची नक्षी नवी असली पाहिजे. अर्जाच्या तारखेआधी ती लोकांना माहीत होती असे सिद्ध झाले, तर नोंद रद्द होते. चिनाराने हे सगळे वाचून काढले आणि रद्द करण्याचा अर्ज केला. आता हवी होती फक्त तारीख, आणि जत्रेतल्या विक्रीच्या पावत्या त्यांनी कधी केल्याच नव्हत्या.

त्यांनी घर धुंडाळले. एक जुना फोटो सापडला, बुरुलच्या मुलीच्या पाचव्या वाढदिवसाचा. त्यात मी आहे. पण माझ्यावर जेवणाचा दस्तरखान अंथरलेला आहे, त्याच्यावर बोरसोकच्या तळलेल्या गोळ्यांची रास आहे, आणि उरलेल्या जागेवर माणसे बसलेली आहेत. घोडीचा एक खूर तेवढा दिसतो. तो खूर कुणाचाही असू शकतो.

"शिक्का!" सोनुन ओरडली. "नारिनचा शिक्का होता की मागे!"

बुरुलने मला उलटे केले. पांढरे, स्वच्छ, नवे अस्तर. तिने त्याच्यावरून तळहात फिरवला, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, आणि मग हात तिथेच ठेवला. कसर कधी लागलीच नव्हती, हे तिला त्या क्षणी कळले.

"पंधरा नंबर," ती म्हणाली. "कालिपाकडे आहे. त्याचं अस्तर जुनंच आहे."

दोन दिवसांनी चिनाराने मला गुंडाळून पाठीला बांधले आणि तिघे नारिनला गेलो. कालिपा तिसऱ्या मजल्यावर राहत होती. तिने दार उघडले, आणि दोघी एकमेकींना मिठी मारून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

"म्हातारी झालीस गं," कालिपा म्हणाली.

"आणि तू काय बोहल्यावर उभी राहणार आहेस?"

"मागण्या येताहेत. दात बघून परत जातात."

पाव आला, लोणी आले, जर्दाळूचा मुरंबा आला. कालिपाने चहा ओतला, वाटीत अर्ध्याच्याही खाली. आमच्याकडे वाटी अर्धी भरणे म्हणजे बस, अजून पुष्कळ वेळ आहे, मी पुन्हा पुन्हा ओतीन. त्यांनी गुडघ्यांची दुखणी सांगितली, गावात कोण गेले ते सांगितले. एर्मेकचे नाव दोघींनीही काढले नाही. मग बुरुलने वाटी खाली ठेवली.

"कालिपा, तुझा शिर्दाक मला चार दिवस दे. मागचा शिक्का दाखवायचाय."

कालिपाने पावाचा तुकडा मोडला आणि तो तसाच ठेवला.

"तो होय? तो नाही गं माझ्याकडे. भाचीला दिला, लग्नात. ओश शहरात असते ती."

खोलीच्या टोकाला गाद्यारजयांची रास होती, छतापर्यंत रचलेली. तिच्या तळाशी, सर्वांत खाली, एक लाल काठ दिसत होता. त्याच्या कोपऱ्यात काळ्या घोडीची मान होती आणि मानेवर जवाच्या दाण्याएवढा उंचवटा होता.

मी पाहिला. चिनाराने पाहिला. बुरुलची नजरही तिथे गेली, तिथे थांबली, आणि परत आली.

"बरं केलंस," बुरुल म्हणाली. "नव्या संसारात एखादी चांगली वस्तू हवीच."

"हो ना," कालिपा म्हणाली. "घे, अजून चहा घे."

आणि तिने वाटी काठोकाठ भरली.

भरलेल्या वाटीचा अर्थ आमच्याकडे लहान मूलही जाणते. ही प्यायची आणि उठायचे. बुरुलने ती सगळी प्यायली, एक थेंबही सांडू न देता.

जिन्यावर चिनाराला रडू फुटले. "आपा, तुम्ही पाहिलंत ना? गाद्यांखाली होता!"

"पाहिलं."

"मग ओढून का नाही काढलात?"

"तिचा पाव खाल्ला होता मी. ज्याचा पाव खाल्ला त्याच्या गाद्या उचकायच्या नसतात."

सुनावणीला मला मोठ्या टेबलावर पसरले. तीन अधिकारी होते. त्यांतल्या एका बाईंनी माझी शिवण बोटाने तपासली आणि दोऱ्यांचे पीळ पाहिले. एर्मेकचा वकील म्हणाला की लोकर जुनी दिसते म्हणून नक्षी जुनी ठरत नाही, चहाच्या पाण्याने कालचा नमदाही जुना दिसतो, आणि अस्तर तर नवेच आहे. गावातल्या बायकांनी साक्ष दिली. तो म्हणाला, याच बायका हे शिर्दाक विकतात.

"आपा," त्या अधिकारी बाई बुरुलला म्हणाल्या, "मला पटतंय. पण निकालात 'मला पटतंय' असं लिहिता येत नाही. तारीख असलेला एक कागद, एक शिक्का, काहीतरी द्या."

बुरुलने एर्मेककडे पाहिले. तो माझ्याकडे बघत होता, घोडीच्या मानेपासून शेपटीपर्यंत.

"नाही," बुरुल म्हणाली. "माझ्याकडे नाही."

नोंद कायम राहिली. बाहेर पडताना एर्मेकने मला उचलून बसपर्यंत आणून दिले. बुरुलची पिशवीही त्यानेच घेतली होती. म्हातारीला ओझे उचलू देणे आमच्याकडे फार वाईट दिसते.

त्यानंतर दीड वर्षाने कालिपा गेली. निरोप आला आणि बुरुल त्याच दिवशी निघाली. "कशाला जातेस?" असे सोनुननेही विचारले नाही. मेलेल्या बाईला तिच्या जवळच्या बायकांनी अंघोळ घालायची असते. बुरुलने कालिपाचे केस धुतले, हात धुतले, बोटे एकेक करून पुसली. अंघोळ घालणाऱ्यांना मृताच्या वस्तू देतात, आणि कुणाला काय द्यायचे ते पुष्कळदा जाणारी आधीच सांगून ठेवते. एर्मेकने एक गुंडाळी आणून बुरुलपुढे ठेवली.

"आईने तुमचं नाव घेतलं होतं," तो म्हणाला. त्याने वर पाहिले नाही.

घरी आल्यावर तिने गुंडाळी माझ्या शेजारी उलगडली. एकतीस वर्षांनी मी माझ्या भावाला पुरते पाहिले. त्याचा लाल रंग माझ्याहून ताजा राहिला होता, कारण तो पुष्कळ वर्षे गाद्यांखाली होता. चिनारा लगेच पुढे झाली. तिने त्याला उलटे केले.

अस्तर जुनेच होते. त्याच्या कोपऱ्यात, जिथे शिक्का असायला हवा होता, तिथे तळहाताएवढे चौकोनी ठिगळ होते. पांढऱ्या, नव्या नमद्याचे. बुरुलने त्याच्या काठावर बोट ठेवले आणि टाके मोजले. बोटाच्या रुंदीत सात.

"हात तिचाच आहे," ती म्हणाली.

"उसवते," चिनारा म्हणाली. "खाली ठेवला असेल. नक्की ठेवला असेल त्यांनी, म्हणून तर तुमच्याकडे पाठवला!"

बुरुलने तिला उसवू दिले. तीन बाजू उसवल्या. ठिगळाखाली एक भोक होते, कात्रीने नीट कापलेले. त्याच्याखाली माझ्या भावाची पाठ. दुसरे काहीही नव्हते.

"द्यायचाच होता तर अख्खा द्यायचा होता!" सोनुन ओरडली. तिला असे ओरडताना मी कधी ऐकले नव्हते.

"अख्खा नव्हता तिच्याकडे," बुरुल म्हणाली.

मग तिने सुई घेतली आणि तेच ठिगळ पुन्हा लावले, कालिपाच्याच भोकांतून एकेक टाका घालत. संध्याकाळपर्यंत ती तेच करत होती.

तेव्हापासून आम्ही दोघे एका खोलीत आहोत. लोक येतात आणि म्हणतात, किती छान, जोडी पुरी झाली. जोडी एका घरात दिसली म्हणजे कुठले तरी एक घर उणे झाले, हे आता नव्या लोकांना कुणी सांगितलेले नसते. माझा भाऊ माझ्या शेजारीच अंथरलेला असतो. त्याने काय काय ऐकले असेल त्या गाद्यांखाली, ते मी त्याला विचारलेले नाही.

बुरुल पुन्हा नक्षी काढते. घोडी नाही, घोडी एर्मेकची आहे. गेल्या हिवाळ्यात तिने गोठलेल्या नदीवरून चालणाऱ्या बगळ्याची नक्षी काढली. कापण्याआधी चिनाराने खडूच्या रेघांचा फोटो काढला. अस्तरावर न पुसल्या जाणाऱ्या शाईने तारीख आणि नऊ जणींची नावे लिहिली. मग राजधानीला अर्ज पाठवला आणि पोच जपून ठेवली. हे सगळे योग्य आहे. मित्रांनो, तुम्हीही काही नवे केलेत तर त्याच्या मागे नाव आणि तारीख घाला. 'सगळ्यांना ठाऊक आहे' याच्यावर विसंबू नका. ठाऊक असणारी माणसे ऐन वेळी पाव मोडून तसाच ठेवतात.

पण तेवढ्याने भागत नाही. कुणी आपली वस्तू विश्वासाने तुमच्या हाती दिली, तर तिला ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका, आणि ती कुणाची असे कुणी विचारले की त्याचे नाव सांगा. तुमच्याकडे कुणी एवढेच मागितले असेल. आमच्याकडेही एवढेच मागितले होते.

बगळ्याचे दोन शिर्दाक झाले, एक निळा आणि एक पांढरा. दोऱ्या सोनुनने वळल्या होत्या. म्हातारपणी तिची बोटे वाकडी झाली आहेत, तरी तिने सगळ्या वळल्या. काम संपले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली आणि चहाची वाट बघू लागली.

"आपा, पांढरा कुणाकडे?" चिनाराने विचारले.

सोनुनने हसून पाय सावरले, तो घ्यायला उठायच्या तयारीने.

बुरुलने पांढरा शिर्दाक गुंडाळला. दोन्ही टोके बांधली. ट्रंकेचे झाकण उघडून त्याला आत ठेवले आणि झाकण लावले. मग ती चहा ओतायला बसली. सोनुनची वाटी तिने अर्धीच भरली होती, पण सोनुन बराच वेळ ट्रंकेकडेच बघत राहिली.